उजव्या हाताची टिचकी

नगर जिल्ह्यात एखाद्याला वाटेतून बाजूला करायचं असलं की त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, फेटा, दोन-चार भाषणं, आणि माणूस दुसऱ्या दिवसापासून घरी. भांडण नाही, तंटा नाही, उलट फोटोत सगळे हसताना दिसतात. त्यामुळे काकासाहेबांनी सृष्टीला केबिनमध्ये बोलावलं आणि आवाज खाली आणून, "पट्टा पडला की आपन सॅम्युएलरावांचा मोठा सत्कार करू," असं सांगितलं, तेव्हा तिला काय समजायचं ते समजलं.

पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणं. सावेडीत एका मिठाईच्या दुकानावर काकासाहेबांची कंपनी होती आणि ती कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. कोणाच्या उसाची लागण कधीची, तोडणीचा नंबर कधी, तोडणाऱ्यांची टोळी कुठल्या शिवारात, काट्यावर वजन किती, हे सगळं त्यात. काकासाहेब मूळचे देवळाली प्रवऱ्याचे, स्वतः ऊसवाले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठल्या कारखान्याचा कोणता संचालक कोणाचा साडू, हे तोंडपाठ होतं. कॉम्प्युटरची बाजू पहिल्यापासून सॅम्युएल सरांची. एकाने कामं आणायची, दुसऱ्याने ती करायची, आणि मधल्या वेळात दोघांनी भांडायचं, अशी ती कंपनी चालत आलेली.

गणपतीच्या सुमारास सरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. भिंगारला राहतात ते. त्यांच्या बायकोने, मरियमताईंनी, रोज पहाटे त्यांना मैदानावर चालवून चालवून पाय मार्गी लावला. जिभेला काही झालं नव्हतं. डावा हात मात्र तसाच राहिला, खांद्यापासून खाली नुसता लोंबकळणारा. दिवाळीनंतर सर कामावर आले तेव्हा ऑफिसने त्यांना हार घातला, पेढे वाटले आणि त्या दिवसापासून सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले.

काकासाहेब तर सगळ्यात हळू. जो माणूस जिन्यातूनच "सॅम, आरं ए सॅम" म्हणून आरोळी ठोकायचा, तो आता टेबलापाशी येऊन, वाकून, "सॅम्युएलराव, जेवन झालं का तुमचं?" असं विचारायचा. सर मान हलवायचे. एकदा सृष्टीला ते म्हणाले, "दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसं बोलतात गं सगळे. मी बरा होऊन घरी आलोय, हे कुणी सांगितलं नाही का यांना?" ती हसली, पण तिला ते लागलं. कारण तीही हळूच बोलत होती.

आता काम. एका हाताने टाईप करणं सरांना फार जड नव्हतं. ते आधीपासूनच दहा मिनिटं विचार करून एक ओळ लिहिणारे. खरी पंचाईत झाली ती लिंकांची.

सरांची एक शिस्त होती. कोडचा कुठलाही तुकडा लिहिला की त्याच्या डोक्यावर ते एक कमेंट टाकायचे, आणि त्या कमेंटमध्ये लिंक: हा नियम अमुक परिपत्रकात आहे, हा हिशोब तमुक बैठकीत ठरला, ही सवलत सरकारच्या ह्या पानावर पाहा. त्याला ते पुरावा म्हणायचे. उद्या एखादा संचालक ओरडत आला तर पुराव्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. कंपनी जितकी जुनी तितके पुरावे. सर काही बदलायच्या आधी पुरावा उघडून वाचल्याशिवाय राहत नसत. कोडवर विश्वास ठेवायचा नाही, पुराव्यावर ठेवायचा, हे त्यांनी हाताखाली कामाला आलेल्या सृष्टीला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

पण कोड ज्यात लिहायचा त्या एडिटरमधली लिंक उघडायची तर डाव्या हाताने कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि उजव्याने माऊसची टिचकी मारायची. धडधाकट माणसाच्या हे लक्षातही येत नाही. सरांच्या रोज येत होतं. बरं, एवढं केल्यावरही एडिटर मध्येच एक चौकट आणून विचारणार: हे पान बाहेरचं आहे, उघडायचं का? आणि सरांच्या निम्म्या लिंका तर त्याला लिंका म्हणून ओळखूच यायच्या नाहीत. जुन्या काळी सरांनी त्या अर्ध्यामुर्ध्या लिहिलेल्या, पुढचं एचटीटीपी गाळून. कुठे शेवटी कंस चिकटलेला, कुठे पूर्णविराम. मग तेवढा मजकूर निवडा, कॉपी करा, ब्राऊझर उघडा, तिथे चिकटवा. नाहीतर हाक मारा: "सृष्टी, जरा येतेस?"

ही हाक मारणं सरांना विषासारखं वाटायचं. कळ चिकटवून ठेवायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते, ती सृष्टीने त्यांना लावून दिली होती. पण दुसऱ्याच दिवशी कंट्रोल चिकटलेला विसरून त्यांनी भलतीच कळ दाबली आणि सगळी खिडकी बंद झाली, तेव्हा त्यांनी ती सोय काढून टाकली. एकदा ती पाण्याची बाटली भरून येत होती. सरांनी उजव्या हाताने डावा हात उचलला होता, त्याचं कोपर कंट्रोलच्या कळेवर टेकवलं होतं, आणि मग घाईघाईने माऊसकडे हात नेत होते. कोपराखाली आणखी चार कळा दाबल्या गेल्या आणि पडद्यावर एकाच अक्षराची रांग धावत सुटली. सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि ती अक्षरं पुसायला सुरुवात केली. सृष्टी उलट्या पावली मागे फिरली. तिला रडू येईल असं वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला, कारण रडून काय होणार होतं?

तेव्हा तिने एक्स्टेन्शन लिहायला घेतलं. एडिटरला आपल्याकडून जोडायचा एक छोटासा प्रोग्रॅम. काम एकच: कमेंटमधली लिंक ओळखायची आणि माऊसच्या एका टिचकीत उघडायची. जेवणाच्या सुट्टीत ती लिहायची, आणि गावी जाता-येता एसटीत बसून डोक्यात घोळवायची. लिंक सुरू कुठे होते हे सोपं. संपते कुठे, ही खरी गोम. शेवटचा कंस लिंकेचा की वाक्याचा? पूर्णविराम कोणाचा? लांब लिंक सरांनी दोन ओळींत तोडली असेल तर ती सांधायची कशी? घोडेगावच्या फाट्यावर उतरेपर्यंत तिला एखादं उत्तर सापडलेलं असायचं. एचटीटीपी नसलेल्या अर्ध्यामुर्ध्या लिंकाही तिच्या एक्स्टेन्शनला ओळखू यायला लागल्या, त्या दिवशी तिने वरच्या खणातला सगळा चिवडा संपवला.

राहिली ती विचारणारी चौकट. उघडायचं का? नक्की का? तिला ती पहिल्यापासून डोक्यात जायची. सृष्टी शनिशिंगणापूरची. तिच्या घराला चौकट आहे, फळ्या नाहीत. कडी, कोयंडा, कुलूप हे शब्द ती शाळेत शिकली. नगरला कामाला लागल्यावर भाड्याच्या खोलीचं दार लावायचं ती पहिले काही दिवस विसरायची आणि शेजारीण ओरडायची. असल्या मुलीला आपल्याच कोडमधली आपलीच लिंक उघडताना परवानगी मागत बसायचं म्हणजे आचरटपणा वाटला तर नवल नाही. शिवाय त्या चौकटीवर हो म्हणायचं म्हणजे सरांच्या हाताला आणखी एक फेरी. विचारायचं कशाला? तिने ती चौकट बंद करून टाकली. टिचकी मारली की उघडलं.

सरांच्या मशीनवर तिने ते बसवलं आणि बाजूला उभी राहिली. सरांनी एका लिंकेवर टिचकी मारली. पान उघडलं. दुसरी मारली. उघडलं. तिसरी दोन ओळींत तुटलेली होती, तीही उघडली.

"हं," सर म्हणाले.

सॅम्युएल सरांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कोणाचं भाषण. ती जागेवर जाऊन बसली तरी तिच्या कानाला माऊसच्या टिचक्या ऐकू येत होत्या, एकामागून एक.

पुढचे दिवस बरे गेले. सरांची हाक बंद झाली. जुने पुरावे उघडून वाचता वाचता त्यांना काट्याच्या प्रोग्रॅममधली एक चूक सापडली, जी दोन हातांच्या चौघांना दिसली नव्हती. काकासाहेबांनी ते पाहिलं. "लई फरक पडला की गं सॅम्युएलरावांत," ते सृष्टीला म्हणाले, आणि सत्काराचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. तिला वाटलं, टळलं. ती मनातल्या मनात फारच खूश होती, आणि माणूस फार खूश असला की काहीतरी बघायचं राहून गेलेलं असतंच.

शुक्रवारी दुपारी सरांच्या टेबलाकडून आवाज आला. हाक नव्हती ती, नुसता आवाज. सृष्टी धावली. सरांच्या पडद्यावर ब्राऊझरचं एक पांढरं पान उघडलेलं होतं आणि त्याच्या मधोमध एकच शब्द होता: झालं.

"काय झालं, सर?"

"मेसेज गेले," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पानासारखाच पांढरा पडला होता. "सगळ्या सभासदांना. उद्या तोडणी म्हणून."

झालं होतं ते असं. फार पूर्वी, सृष्टी शाळेत असताना, सरांनी एक लिंक बनवली होती. ती ऑफिसातून नुसती उघडली की एका कारखान्याच्या झाडून सगळ्या ऊस उत्पादकांना मोबाईलवर मेसेज जायचा: 'आपल्या उसाची तोडणी उद्या सुरू होत आहे. पाणी बंद करावे व रस्ता मोकळा ठेवावा.' पासवर्ड नाही, विचारणं नाही. ती पुढे वापरातून गेली, पण सर्व्हरवर तशीच राहिली आणि कोडच्या एका कोपऱ्यात कमेंट म्हणूनही राहिली, एचटीटीपी गाळलेली. एडिटरला ती लिंक आहे हे कधी कळलंच नव्हतं. इतकी वर्षं ती मुकी ओळ होती. सृष्टीच्या एक्स्टेन्शनने तिला तोंड फोडलं. सरांना तर ती उघडायचीही नव्हती. त्या ओळीच्या खाली काहीतरी लिहायचं म्हणून त्यांनी तिच्या टोकाला कर्सर ठेवायला टिचकी मारली, एवढंच.

सृष्टीला सगळं एका क्षणात कळलं. ओळख तिने दिली होती, चौकट तिने काढली होती.

त्यांनी लगोलग दुसरा मेसेज पाठवला: आधीचा संदेश चुकून गेला, दुर्लक्ष करावे. पण ऊसवाल्याला तोडणीचा मेसेज म्हणजे काय, हे ज्याने महिनोन्महिने नंबराची वाट पाहिली त्यालाच ठाऊक. पहिल्या मेसेजवर सगळ्यांचा विश्वास बसला. दुसऱ्यावर कोणाचाच नाही. दुसरा मेसेज म्हणजे राजकारण. आपला नंबर कोणीतरी वरच्यावर लांबवला, असं ज्याने त्याने ठरवलं. लोकांनी पाण्याच्या मोटारी बंद केल्या, बांध फोडून ट्रॅक्टरला वाटा केल्या, गुरांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं न्यायला पाहुण्यांना फोन केले, आणि मग सगळे मिळून कारखान्याच्या गट ऑफिसवर गेले.

पण हे पुढचं. दुसरा मेसेज अजून जातच होता तेव्हा सृष्टीचा मोबाईल वाजला. काकासाहेब. ते देवळालीला होते, आणि त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता.

"पोरी, आपला नंबर लागला! उद्या तोड हाय! म्या म्हनलं हुतं ना, चेअरमन शब्दाचा पक्का हाय म्हनून? तू जरा शेतकी ऑफिसला फोन लावून इचार, टोळी कुटली देनार."

तिला फोन ठेवून द्यावासा वाटला. पण तिने सांगितलं.

"कोनी केलं?" काकासाहेब म्हणाले.

"चूक माझी आहे, काकासाहेब. मी एक एक्स्टेन्शन..."

"टिचकी कोनी मारली?"

तिने उत्तर दिलं नाही. पण न देणं हेही उत्तरच झालं. "सॅम्युएलराव," काकासाहेब स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा तसाच हळू झाला. "बरं. त्यांना काय बोलू नका कुनी. उद्या येतो मी."

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो हळू आवाज सत्काराच्या शालीचा होता.

संध्याकाळी ती गावी गेली. शनिवारची गर्दी रात्रीपासूनच सुरू होते, म्हणून आई, मालनबाई, पडवीत बसून रुईच्या पानांचे हार ओवत होती. घरच्या पूजासाहित्याच्या दुकानात उद्या तेच लागणार. सृष्टी तिच्यासमोर बसली आणि सुया-दोऱ्याशी चाळा करत तिने सगळं सांगितलं. आईला एडिटर कळला नाही, लिंक थोडी कळली, पण विचारायची चौकट काढून टाकली हे मात्र बरोबर कळलं.

"का काढली?"

"कशाला पाहिजे? आपल्याला कुठं दार आहे?"

मालनबाईने हातातला हार खाली ठेवला. "दार न्हाई म्हनून काय झालं? आपल्या गावात कुनी सरळ घरात घुसतं व्हय? भायेर हुबं राहून आवाज देत्यात. रंगुबाई सकाळी ताकाला आली, तर किती येळ वरडत हुती, हायेस का गं मालन, येऊ का गं मालन. तुमच्या नगरात दाराला कडी असती, कडी वाजवली की झालं. हितं कडी न्हाई, तर मान्सालाच वाजावं लागतं. एवढं बी नगरला जाऊन इसरली का तू?"

आई म्हणत होती ते खरंच होतं. वीस-बावीस वर्षं ती त्या घरात राहिली आणि तिच्या लक्षात नेमकं अर्धंच राहिलं होतं. बाहेरगावचे भाविक येऊन 'इथे दारंच नाहीत' म्हणून नवल करतात आणि फोटो काढून परत जातात, तसंच तिनेही केलं होतं. तिला लाज वाटली.

"पुढं काय व्हईल?" आईने विचारलं.

"सरांना घरी बसवतील. माझ्यामुळं."

"मग सांग की त्यास्नी, माझी चुकी म्हनून."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"मंग मोठ्यानं सांग," मालनबाई म्हणाली आणि तिने पुन्हा सुई उचलली.

शनिवारी सृष्टी सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. एक्स्टेन्शन तिने उघडलं आणि बदललं. आता पहिल्या टिचकीला लिंक नुसती आवाज द्यायची: खालच्या पट्टीवर ठळक अक्षरांत ती कुठे नेणार ते उमटायचं. त्याच जागी दुसरी टिचकी मारली तरच उघडायची. एकच हात, एकच बोट पुरे. ते झालं तेव्हा सर आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, रविवारी चर्चला जाताना घालतात ते. निरोप घ्यायला आल्यासारखे. "मरियम म्हणाली, नीट कपडे घालून जा," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. बाकी कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

काकासाहेब आले ते एकटे नव्हते. मागे त्यांच्या भावकीतले कानिफनाथ होते, पायात चिखलाच्या चपला. त्यांनी ट्रॅक्टरसाठी बांध फोडला होता आणि पाटाचं पाणी रात्रभर चुलतभावाच्या कांद्यात गेलं होतं. "आता तो मला जिता सोडतो का बघा," ते रिसेप्शनपाशीच म्हणाले आणि मिठाईवाल्याकडून आलेला चहा घेऊन तिथेच बसले. काकासाहेबांनी सरांना केबिनमध्ये नेलं. सृष्टीला कोणी बोलावलं नव्हतं. ती गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"सॅम्युएलराव," काकासाहेब म्हणाले, "तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमचा काय दोष न्हाई. हाताचं असं झाल्यावर मानूस चुकनारच. खरं तर म्याच आधी इचार कराया पायजे हुता. तुमाला आरामाची गरज हाय. आपन असं करू..."

"काकासाहेब, चूक माझी आहे!" सृष्टी म्हणाली. आईने सांगितलं होतं तितक्या मोठ्याने म्हणाली. काचेपलीकडे दोघांनी माना वळवल्या. "ती लिंक इतकी वर्षं उघडत नव्हती. माझ्या एक्स्टेन्शनमुळं उघडायला लागली. विचारायची सोय होती, ती मी काढली. सरांनी नुसता कर्सर ठेवला."

"पोरी, तू मदत कराया गेली. तुला कोन काय म्हनतंय? पन हात धड असता तर असलं काय करायची पाळीच आली नसती. व्हय का न्हाई, सॅम्युएलराव?"

सरांनी टेबलावर उजवा हात ठेवला. पंजा पसरून.

"काकासाहेब, टिचकी ह्या हाताने मारली," ते म्हणाले. "उजव्या. माऊस मी जन्मभर ह्याच हाताने धरला. ह्या हाताला काहीही झालेलं नाही. डाव्याचं नाव कशाला घेता? तो बिचारा मांडीवर पडलेला होता."

काकासाहेबांना हे अपेक्षित नव्हतं. ते त्या हाताकडे पाहत राहिले.

"आणि चुकायचंच म्हणाल," सरांचा आवाज चढला, "तर चूक जुनी आहे. ती लिंक मी केली तेव्हा मला दोन हात होते. नुसती उघडली की हजारो लोकांना मेसेज जातो, अशी लिंक शहाणा माणूस करत नाही. मला तेव्हाही कळत होतं. पासवर्ड ठेवू म्हटलं होतं मी. कोण म्हणालं, मला तो पासवर्ड-बिसवर्ड लक्षात राहत नाही? कोण म्हणालं, सॅम, एक क्लिक, आणि शिवारात मेसेज?"

"म्या?"

"तुम्ही!"

"म्या म्हनलो आसंल!" काकासाहेब खुर्चीतून उठले. "म्या काय बी म्हनंन! म्या अडानी मानूस! तुला अक्कल नको? म्या उद्या म्हनंन हिरीत उडी मार, तर मारशील का? आन वापरात न्हाई तर ती काढून टाकायची कुनी? तुज्या बापानं?"

"बापाचं नाव घ्यायचं काम नाही! काढली असती. पण दर हंगामात तुम्हीच म्हणायचात, असू दे सॅम, लागली तर!"

"आन तू आयकायचास! बाकी कवा म्या म्हनलेलं आयकलंस रं? त्या काट्याच्या प्रोग्रामचं म्या बोंबलून बोंबलून..."

"काट्याचा प्रोग्रॅम आणायचा नव्हताच! तुमचा तो साडूचा साडू, त्याने फुकटात गळ्यात मारला आपल्या!"

काचेपलीकडचं सगळं ऑफिस उभं राहिलं होतं. रिसेप्शनवर कानिफनाथ बशीतला चहा तसाच धरून ऐकत होते. सृष्टी दाराला चिकटली होती आणि तिला वाटत होतं की आता दोघांपैकी कोणीतरी काहीतरी असं बोलेल की परत फिरता येणार नाही. सरांच्या मानेची शीर फुगली होती. डॉक्टरांनी त्यांना चिडायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यांना थांबवावं असं तिच्या मनात आलं, पण ती नुसती बघत राहिली, कारण दिवाळीपासून एवढे जिवंत तिने त्यांना पाहिलेच नव्हते.

"ते काय न्हाई!" काकासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "आज सांजच्याला ती लिंक सर्व्हरवरून गेली पायजे. आन तसल्या आनखी किती पुरून ठिवल्यात त्या हुडकून काढ. आन ध्यानात ठिव सॅम, फुडच्या हंगामात जर असला एक बी मेसेज गेला ना, तर तुला त्या काट्यावर नेऊन बसवीन, ट्रॅक्टर मोजाया!"

आणि तिथे ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच मागून ऐकू आलं असावं. सृष्टीला ऐकू आलं. सरांनाही आलं.

"पुढच्या हंगामात काट्याचा प्रोग्रॅम मीच नव्याने लिहिणार आहे," सर म्हणाले. "तेव्हा तिथेच बसवलंत तर बरंच होईल."

"लिव्ह की मग! कुनी धरलाय तुला!" काकासाहेब ओरडले आणि कानिफनाथांचा बांध बघायला म्हणून तरातरा बाहेर पडले.

सर केबिनमधून आपल्या जागेवर आले. कोणी हळू आवाजात पाणी विचारलं, ते त्यांनी घेतलं नाही. खुर्ची ओढली, बसले, घाम पुसला आणि वळून सृष्टीकडे पाहिलं.

"आणि तू. कोणाला विचारून माझ्या मशीनवर ते टाकलंस?"

"सर, तुम्हाला दाखवलं होतं की."

"चालतं हे दाखवलंस. कोड दाखवलास? एवढी वर्षं शिकवतोय, दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही चालू करायचं नाही म्हणून. माझा हात गेला म्हणून माझं वाचणंही गेलं असं वाटलं का तुला?"

"नाही सर."

"मग आण इकडे."

तिने खुर्ची सरकवली आणि कोड उघडला. पहिल्याच ओळीवर सरांनी बोट ठेवलं आणि हे नाव कुठल्या गाढवाने दिलं म्हणून विचारलं. दुसऱ्या ओळीवर ते आणखी चिडले. तिचं एक्स्टेन्शन ठीकच होतं असा तिचा समज होता, पण दुपारपर्यंत त्यात इतक्या चुका निघाल्या की ती जेवायचं विसरली, आणि घोडेगावची गाडी निघून गेली तरी सरांचं संपलं नव्हतं.